अपूर्णांकांचा गुणाकार : आधी अर्थ, मग नियम

(केंद्रसंमेलनात प्राथमिक शिक्षकांपुढे केलेल्या भाषणाचा मजकूर)



आजच्या संमेलनात बोलण्यासाठी माझ्याकडे जो विषय सोपविण्यात आला आहे, तो वरवर पाहता अगदी लहान आहे. अपूर्णांकांचा गुणाकार कसा शिकवावा, एवढाच तो विषय. आपल्यापैकी कोणी मनात म्हणत असेल की, यात शिकविण्यासारखे आहे तरी काय? अंशाला अंशाने गुणावे, छेदाला छेदाने गुणावे, उत्तर संक्षिप्त करावे. फळ्यावर दोन उदाहरणे सोडवून दाखविली की मुले तिसरे आपण होऊन सोडवितात. बेरजेत समच्छेद करण्याची जी यातायात असते, ती येथे नाही. अपूर्णांकाच्या चारही क्रियांत गुणाकार सर्वांत सोपा, असा आपला समज आहे.

माझे म्हणणे असे आहे की, हा सोपेपणाच घातक आहे. जी क्रिया यांत्रिक रीतीने करता येते, तिचा अर्थ सांगण्याचे आपण टाळतो. आणि ज्या क्रियेचा अर्थ मुलाला कळलेला नाही, ती क्रिया त्याच्या हातून केव्हा, कोठे आणि कशी चुकेल याचा नेम नसतो.

याची परीक्षा आपण उद्याच आपल्या वर्गात घेऊ शकता. तीन प्रश्न विचारा. पहिला प्रश्न : २/३ × ३/४ किती? बहुतेक मुले ६/१२ आणि मग १/२ असे उत्तर देतील. दुसरा प्रश्न : या गुणाकाराचे चित्र काढून दाखवा. येथे बराचसा वर्ग गप्प बसेल. तिसरा प्रश्न : १/२ + १/३ किती? गुणाकाराचा नियम नुकताच घोकलेला असेल, तर काही मुले अंशात अंश आणि छेदात छेद मिळवून २/५ असे उत्तर लिहितील. आता २/५ हे अर्ध्याहूनही लहान आहे. अर्ध्यात काही मिळविले आणि उत्तर अर्ध्याहून कमी आले, याचे त्या मुलाला नवल वाटत नाही. कारण त्याच्या लेखी १/२ म्हणजे अर्धी भाकरी नसून, रेघेच्या वर एक आणि खाली दोन असे दोन सुटे आकडे आहेत. विषयाचा खरा रोग हा आहे. गुणाकाराचे उत्तर बरोबर येते म्हणून तो झाकला जातो, इतकेच.

आपल्या मुलांना अपूर्णांकाचा अनुभव नाही, असे मात्र कोणी समजू नये. मराठी भाषेत वाढलेल्या मुलाच्या जिभेवर अपूर्णांकाचा गुणाकार शाळेत येण्यापूर्वीच बसलेला असतो. पाऊणशे म्हणजे पंचाहत्तर, सव्वाशे म्हणजे एकशे पंचवीस, दीडशे, पावणेदोनशे, अडीचशे, साडेतीनशे, दीड हजार, सव्वा लाख, हे सगळे शब्द म्हणजे गुणाकारच आहेत. शंभराची पाऊणपट ती पाऊणशे. हजाराची दीडपट ती दीड हजार. दुकानातून पाव किलो साखर आणणारी मुलगी हजार ग्रॅमची पावपट आणते. गावातील वृद्ध मंडळी अजून ‘अदपाव’ म्हणतात. अदपाव म्हणजे पावाचा अर्धा, १/२ × १/४, म्हणजे १/८. किलोच्या हिशेबात ते १२५ ग्रॅम होतात. अपूर्णांकाला अपूर्णांकाने गुणण्याचे याहून चांगले उदाहरण पुस्तकात शोधण्याची गरज नाही.

जुन्या शाळांतून पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी, अडीचकी आणि औटकी ही अपूर्णांकांची कोष्टके पाठ करवून घेत असत. औट म्हणजे साडेतीन. ही कोष्टके ज्यांना पाठ होती, त्यांना दिडकीत सात म्हटले की साडेदहा तोंडी येत असे. रुपयाचे सोळा आणे होते, त्या व्यवहाराला ही कोष्टके फार सोयीची होती. १ एप्रिल १९५७ पासून दशमान चलन आले आणि पुढील काही वर्षांत वजने-मापेही दशमान झाली. त्यानंतर कोष्टकांची व्यवहारातील निकड हळूहळू संपली. चार आण्यांची आठवण टिकविणारे पंचवीस पैशांचे नाणेही ३० जून २०११ पासून चलनातून गेले. याबद्दल केवळ हळहळ करण्याचे कारण नाही. परंतु एक गोष्ट ध्यानी घ्यावी. पूर्वी बाजारात जाऊन मुलाच्या हाताला पाव, अर्धा, पाऊण यांची जी सवय आपोआप होत असे, ती आता तितकीशी होत नाही. ती सवय शाळेने करून द्यावयास हवी.

आता प्रत्यक्ष शिकविण्याच्या क्रमाकडे वळू. हा क्रम मी पाच पायऱ्यांत मांडतो. प्रत्येक पायरीला एक किंवा दोन तासिका पुरतात.

पहिली पायरी पूर्ण संख्येने अपूर्णांकाला गुणण्याची. येथे नवीन काहीच नाही. गुणाकार म्हणजे तीच संख्या पुनःपुन्हा मिळविणे, हे मुलांना दुसरीपासून ठाऊक आहे. ४ × १/३ म्हणजे एक-तृतीयांश चार वेळा. कागदाच्या सारख्या पट्ट्या घ्याव्या, प्रत्येकीचे तीन समान भाग करावे आणि चार मुलांच्या हाती एकेक भाग द्यावा. भाग चार झाले, प्रत्येक भाग तृतीयांशाचा, म्हणून ४/३. तीन भाग जोडून एक पट्टी पुरी होते आणि एक भाग उरतो, म्हणजे १ पूर्णांक १/३. ‘चार आंबे’ म्हणताना आंब्याचा फणस होत नाही, तसे ‘चार तृतीयांश’ म्हणताना तृतीयांशाचे द्वादशांश होत नाहीत. ही गोष्ट येथे पक्की केली म्हणजे ४ × १/३ = ४/१२ असे लिहिण्याची चूक मुळातच खुंटते.

दुसरी पायरी पूर्ण संख्येचा अपूर्णांकात भाग घेण्याची. १२ चा तिसरा हिस्सा किती? चिंचोके किंवा खडे घेऊन मुले बारांचे तीन सारखे ढीग करतात आणि चार म्हणतात. मग १२ चे दोन-तृतीयांश किती, असे विचारावे. दोन ढीग, म्हणजे आठ. या पायरीवर ‘चा-ची-चे’ या प्रत्ययाचा आणि गुणाकाराच्या चिन्हाचा संबंध जोडून द्यावयाचा असतो. तीन डझन म्हणजे डझनाची तिप्पट, अर्धा डझन म्हणजे डझनाची निमपट. तिप्पट काढताना जर आपण ३ × १२ लिहितो, तर निमपट काढताना १/२ × १२ लिहावयास हरकत कोणती? मुलांना हे पटते, कारण ‘पट’ हा शब्द त्यांच्या ओळखीचा आहे.

याच पायरीवर एका मोठ्या गैरसमजाचा बंदोबस्त करावा लागतो. गुणाकार केला की संख्या वाढते, असे मुलांनी चार वर्षे अनुभवलेले असते. ते खोटेही नसते, कारण तोपर्यंतचे सर्व गुणक एकाहून मोठे होते. हा समज केवळ सांगून जात नाही. फळ्यावर एकाखाली एक असे लिहावे : १२ × ४ = ४८, १२ × २ = २४, १२ × १ = १२. मग पुढची ओळ मुलांना विचारावी. गुणक दर वेळी निम्मा होत आहे आणि उत्तरही दर वेळी निम्मे होत आहे, हे मुलांच्या दृष्टीस पडते. १२ × १/२ = ६ आणि १२ × १/४ = ३ या ओळी ती आपण होऊन सांगतात. मग विचारावे, “गुणून संख्या कमी केव्हा झाली?” वर्गातून उत्तर येते, “गुरुजी, एकापेक्षा लहान संख्येने गुणले तेव्हा.” हे उत्तर मुलांच्या तोंडून यावे, आपण घाईने देऊ नये.

तिसरी पायरी ही या सर्व पाठाचा गाभा आहे. अपूर्णांकाचा अपूर्णांकात भाग. येथे भाकरीचे किंवा पोळीचे चित्र आपण सवयीने काढतो. पाव आणि अर्धा दाखविण्यास वर्तुळ ठीक आहे. पण भागाचा पुन्हा भाग करावयाचा असेल, तर वर्तुळात रेघांची गुंतागुंत होते. त्यासाठी आयत घ्यावा. वहीचा कागद, जुन्या वर्तमानपत्राचा तुकडा, चौकटीच्या वहीत आखलेला आयत, यांपैकी काहीही चालेल. यासाठी खर्च येत नाही आणि साहित्यपेटीची वाट पाहावी लागत नाही.

आधी सोपे उदाहरण घ्यावे : १/३ चा १/२. प्रत्येक मुलाने कागदाची उभी घडी घालून तीन समान पट्टे करावे आणि एका पट्ट्यावर उभ्या रेघा माराव्या. हा एक-तृतीयांश. आता तोच कागद आडवा दुमडून दोन भाग करावे. रेघा मारलेल्या पट्ट्याचा वरचा अर्धा भाग आडव्या रेघांनी भरावा. ज्या घरात उभ्या आणि आडव्या अशा दोन्ही रेघा आल्या, तो आपला भाग. कागद उलगडला की एकंदर घरे सहा दिसतात. दुहेरी रेघांचे घर एक. म्हणून १/३ चा १/२ म्हणजे १/६.

यानंतर २/३ चे ४/५ घ्यावे. उभे तीन पट्टे, त्यांपैकी दोन रेघांनी भरलेले. आडवे पाच पट्टे, त्यांपैकी चार भरलेले. एकंदर घरे पंधरा. दुहेरी रेघांची घरे आठ. उत्तर ८/१५.

येथे एक चूक हमखास होते आणि ती शिक्षकाने मुद्दाम उकरून काढावी. काही मुले ८/१५ न म्हणता ८/१० म्हणतात. ती मुले मठ्ठ नसतात, उलट नीट पाहणारी असतात. उभ्या रेघांची घरे दहा आहेत आणि त्यांतली आठ आपण घेतली, असे ती म्हणतात, आणि ते खरेच आहे. ८/१० म्हणजे ४/५. दहा घरांचा आपण चार-पंचमांशच घेतला आहे. त्यांनी प्रश्नच वेगळा सोडविला, एवढेच. अशा वेळी ‘चूक’ असे म्हणून पुढे जाऊ नये. विचारावे, “बाळ, तू ज्या दहा घरांतून मोजलेस, ती दहा घरे म्हणजे सबंध कागद का?” मूल कागद पुन्हा पाहते आणि म्हणते, “नाही, सबंध कागद पंधरा घरांचा.” अपूर्णांकाच्या प्रत्येक उदाहरणात ‘पूर्ण कोणते?’ हा प्रश्न विचारण्याची सवय येथेच लागते. माझ्या मते अपूर्णांकाच्या सर्व प्रकरणात याहून मोलाचा प्रश्न नाही. पुढे शतमान शिकताना, ‘वीस टक्के कशाचे?’ असे विचारणारे मूल याच प्रश्नातून तयार होते.

कागद नव्वद अंशांत फिरवून पाहण्यासही सांगावे. उभे पट्टे आडवे झाले, आडवे उभे झाले; घरे तितकीच राहिली. म्हणजे २/३ चे ४/५ आणि ४/५ चे २/३ सारखेच. गुणाकारात क्रम बदलला तरी उत्तर बदलत नाही, हे मुलांना पाठ असलेले सूत्र येथे डोळ्यांनी दिसते.

अशी चार-पाच उदाहरणे झाली म्हणजे चौथी पायरी येते, ती नियमाची. फळ्यावर उदाहरणे आणि उत्तरे ओळीने लिहून ठेवावी आणि विचारावे, “कागदाची घडी न घालता उत्तर सांगता येईल का?” दुसऱ्या किंवा तिसऱ्या बाकावरून कोणीतरी उठतेच आणि म्हणते, “बाई, खालचे आकडे गुणायचे आणि वरचे आकडे गुणायचे.” लगेच “शाबास” म्हणून थांबू नये. “का?” असे विचारावे. कागदाचा अनुभव असल्यामुळे याचे उत्तर आता देता येते. छेदांचा गुणाकार सांगतो की सबंध कागदाची एकंदर घरे किती पडली. अंशांचा गुणाकार सांगतो की त्यांपैकी आपण घेतली किती. तीन उभ्या पट्ट्यांचे आडवे पाच भाग, म्हणून ३ × ५ घरे. दोन भरलेल्या पट्ट्यांतून चार-चार घरे, म्हणून २ × ४. नियम तोच, परंतु आता तो मुलाच्या स्वतःच्या मालकीचा झाला. आणि त्याच मुलाला बेरजेत हा नियम का चालत नाही हेही सांगता येते, कारण बेरजेत भागाचा भाग घ्यावयाचा नसून दोन भाग शेजारी ठेवावयाचे असतात.

हा नियम आपल्या देशात नवा नाही. ब्रह्मगुप्ताने इ. स. ६२८ मध्ये रचलेल्या ब्राह्मस्फुटसिद्धांतात तो दिलेला आहे. भास्कराचार्यांची लीलावती इ. स. ११५० ची. तीत भागाचा भाग घेण्याच्या उदाहरणांना ‘प्रभागजाति’ असे स्वतंत्र नाव आहे. त्यातील एक उदाहरण वर्गात अवश्य सांगावे. एका कृपणाने याचकाला द्रम्माच्या अर्ध्याच्या दोन-तृतीयांशाच्या तीन-चतुर्थांशाच्या एक-पंचमांशाच्या सोळाव्या हिश्श्याचा चौथा भाग दिला; तर त्याने किती कवड्या दिल्या? तेव्हाच्या कोष्टकाप्रमाणे वीस कवड्यांची एक काकिणी, चार काकिणींचा एक पण आणि सोळा पणांचा एक द्रम्म. म्हणजे द्रम्माच्या कवड्या १२८०. पायरी-पायरीने गेल्यास अडचण येते. कारण अर्ध्या द्रम्माच्या ६४० कवड्या आणि ६४० ला तीनने नि:शेष भाग जात नाही. परंतु १/२ × २/३ × ३/४ येथे आधी संक्षेप केला, तर वरचे दोन आणि तीन खालच्या दोन आणि तीनशी जातात आणि १/४ उरतो. १२८० चा पाव ३२०. त्याचा पंचमांश ६४. त्याचा सोळावा हिस्सा ४. आणि त्याचा चौथा भाग १. एवढा मोठा आव आणून त्या गृहस्थाने दिली एक कवडी! मुले पोट धरून हसतात, आणि आधी संक्षेप का करावा हे त्या हसण्याबरोबर लक्षात राहते. भास्कराचार्यांच्या ग्रंथांच्या अध्ययनासाठी त्यांचे नातू चांगदेव यांनी मठ स्थापन केल्याचा शिलालेख जळगाव जिल्ह्यात चाळीसगावाजवळ पाटणे येथे आहे. तो तेराव्या शतकाच्या आरंभीचा आहे. आपल्याच महाराष्ट्रातील ही गोष्ट मुलांना ठाऊक असावी.

पाचवी पायरी पूर्णांकयुक्त अपूर्णांकांची. अडीच गुणिले दीड किती? घाईत मुले पूर्णांकाला पूर्णांकाने गुणतात, दोन एके दोन. आणि अर्ध्याला अर्ध्याने गुणतात, पाव. आणि उत्तर लिहितात सव्वादोन. येथे अंशाधिक अपूर्णांक करा असा हुकूम सोडण्यापूर्वी अंदाज विचारावा. दोनदा दीड किती? तीन. मग अडीच वेळा दीड घेतल्यावर ते तिनाहून कमी कसे होईल? मूल स्वतःच आपले उत्तर खोडते. नंतर आयत काढावा. एक बाजू अडीच, दुसरी दीड. त्याचे चार तुकडे पडतात : दोन एके दोन, दोनचा अर्धा एक, एकाचा अर्धा अर्धा, आणि अर्ध्याचा अर्धा पाव. एकूण दोन, एक, अर्धा आणि पाव, म्हणजे पावणेचार. ज्या दोन तुकड्यांचा मुलाला विसर पडला होता, ते त्याला चित्रात दिसतात. मग ५/२ × ३/२ = १५/४ ही रीत शिकवावी. ती शिकविली की दोन्ही उत्तरे जुळतात, आणि रीत खरी आहे याची साक्ष मुलाजवळ राहते.

या ठिकाणी ताळ्याविषयी दोन शब्द सांगतो. आपल्या गावातील मापे ताळा पाहण्यास फार उपयोगी आहेत. एक एकर म्हणजे चाळीस गुंठे. पाऊण एकराचे दोन-तृतीयांश किती? नियमाने २/३ × ३/४ = ६/१२ = १/२ एकर. गुंठ्यांनी पाहू. पाऊण एकर म्हणजे तीस गुंठे. त्याचे दोन-तृतीयांश वीस गुंठे. वीस गुंठे म्हणजे अर्धा एकर. ताळा जुळला. दुसरे उदाहरण : एखाद्या पिकाचे एकरी दीड किलो बियाणे लागत असेल आणि शेत पाऊण एकर असेल, तर बियाणे किती आणावे? ३/२ × ३/४ = ९/८, म्हणजे एक किलो आणि अदपाव. ग्रॅमने पाहिल्यास १५०० चे तीन-चतुर्थांश ११२५. पुन्हा ताळा जुळला. मुलगा घरी जाऊन वडिलांना हे करून दाखवील, तर त्या दिवशी शाळेची किंमत त्या घरात वाढेल.

याहूनही गंभीर एक उदाहरण आहे, आणि ते वरच्या वर्गातील मुलींपुढे तर अवश्य मांडावे. समजा, आजोबांची तीन एकर जमीन आहे. तिचे तीन समान हिस्से झाले आणि वडिलांच्या वाट्याला १/३ आला. त्या हिश्श्याचे पुढे चार समान वाटे होणार आहेत. तर एका वाट्याला मूळ जमिनीचा कितवा भाग आला? १/३ चा १/४, म्हणजे १/१२. एकशे वीस गुंठ्यांचा बारावा भाग दहा गुंठे. हिंदू उत्तराधिकार कायद्यातील २००५ च्या दुरुस्तीने वडिलोपार्जित मिळकतीत मुलीलाही मुलाइतकाच हक्क दिलेला आहे. कायद्याने हक्क दिला, तरी आपला वाटा किती हे ज्याला मोजता येत नाही, त्याला दुसऱ्याच्या सांगण्यावर अवलंबून राहावे लागते. कागदावर १/१२ लिहिले आहे की १/१६, आणि त्याचे गुंठे किती होतात, हे आपल्या वर्गातून गेलेल्या मुलीला स्वतः ताडून पाहता आले पाहिजे. अंगठा उठविण्याचे दिवस गेले असे आपण म्हणतो. पण हिशेब न कळता केलेली सही आणि अंगठा यांत फारसे अंतर नाही.

आता आपल्या अडचणींविषयी. “एवढा वेळ कोठून आणावा?” असे आपण विचाराल. अभ्यासक्रम पुरा करावयाचा असतो. द्विशिक्षकी शाळेत दोन-तीन इयत्ता एकत्र बसतात. त्यात इतर कामे असतात. हे सर्व मला ठाऊक आहे, आणि मी ते कमी लेखीत नाही. परंतु वेळेचा हिशेब पुरता मांडावा. नियम एका तासिकेत सांगून होतो हे खरे; पण तो विसरल्यामुळे, बेरजेत मिसळल्यामुळे आणि पूर्णांकयुक्त अपूर्णांकांत चुकल्यामुळे पुढे किती तासिका उजळणीत जातात, तेही मोजावे. मी सांगितलेल्या क्रमाला सात-आठ तासिका लागतात. त्या एकदाच लागतात. शतमान, व्याज, गुणोत्तर आणि पुढे बीजगणितातील अपूर्णांक, या सर्वांचा पाया त्यांत घातला जातो. एकत्र बसणाऱ्या वर्गांत तर कागदाच्या घडीची सोय अधिकच आहे. तिसरी-चौथीच्या मुलांनी समान भाग करावे, पाचवीच्या मुलांनी भागाला नाव द्यावे, सहावीच्या मुलांनी भागाचा भाग काढावा. कागद तोच, काम ज्याच्या त्याच्या मगदुराप्रमाणे. मैदानावर चुन्याच्या फक्कीने मोठा आयत आखून त्याच्या घरांत मुलांना उभे केले, तर सबंध शाळेचा एक पाठ होतो.

दुसरी अडचण आपण मोकळेपणाने बोलून दाखवीत नाही. ती आमच्याविषयीची आहे. अधिकारी शाळेत आले म्हणजे वह्यांची पाने उलटतात आणि किती उदाहरणसंग्रह झाले ते पाहतात. मग कागद दुमडण्यात दिवस घालविणाऱ्या शिक्षकाच्या पदरी काय पडावयाचे? या शंकेला मी येथे सर्वांसमक्ष उत्तर देतो. यापुढे माझ्या शाळाभेटीत अपूर्णांकाच्या प्रकरणापुरती मी सोडविलेल्या उदाहरणांची संख्या मोजणार नाही. मी एका मुलाला आणि एका मुलीला कागद देईन आणि म्हणेन, “तीन-चतुर्थांशाचे दोन-तृतीयांश मला यावर दाखवा.” त्यांनी ते दाखविले, तर शेरेपुस्तकात त्याची नोंद होईल, मग वहीत दहाच उदाहरणे का असेनात. पन्नास उदाहरणे वहीत आहेत आणि एकाचेही चित्र काढता येत नाही, तर त्याचीही नोंद होईल. परंतु ती दोष देण्यासाठी नव्हे, तर त्या वर्गात आपण दोघांनी मिळून एक पाठ घ्यावा यासाठी. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने घोकंपट्टीऐवजी आकलनावर भर दिला आहे. धोरणातील हा शब्द वर्गात उतरावयाचा, तर तो अशाच लहान कामांतून उतरेल.

अखेरीस आपणांस एक विनंती आहे. आज येथून जाताना प्रत्येकाने यांतील एक पायरी निवडावी. पाचही एकदम घेण्याचा आग्रह धरू नये. त्या पायरीचा पाठ येत्या पंधरवड्यात आपल्या वर्गात घ्यावा. मुलांनी घड्या घातलेले चार कागद आणि त्यांनी केलेल्या चुका एका पानावर टिपून पुढील संमेलनात घेऊन याव्या. बरोबर उत्तरांइतक्याच त्या चुका मला हव्या आहेत. कारण मूल कसा विचार करते ते चुकीतून अधिक स्पष्ट दिसते. आपण त्या येथे फळ्यावर मांडू आणि प्रत्येकीच्या मुळाशी कोणता समज आहे, याचा एकत्र विचार करू. या जिल्ह्यातील अपूर्णांकाच्या अध्यापनाची खरी हस्तपुस्तिका त्यांतूनच तयार होईल, असा मला विश्वास वाटतो.